एचएफआर ३डी शो : जास्तीचे पैसे नक्की कशाचे आणि द्यायचे का?

अवतारसारखा पिक्चर लागला की ओळखीतले चार लोक तरी मला विचारतातच की बुकिंग करताना साधा ३डी आणि एचएफआर ३डी असे दोन पर्याय दिसतायत, त्यातला कुठला घेऊ, आणि हे एचएफआर म्हणजे नुसतं तिकीट महाग करायचं निमित्त आहे का. माझं उत्तर आधीच देऊन टाकते. ३डी बघणार असाल तर एचएफआरच बघा, आणि २डी बघणार असाल तर त्याच्या नादाला लागायची काही गरज नाही. एचएफआर हा सिनेमाला लागलेल्या कुठल्या दुखण्यावरचा इलाज नाहीये, तो ३डीच्या दुखण्यावरचा इलाज आहे, आणि त्यावर लोक जे भांडतात (एक गट म्हणतो हेच भविष्य, दुसरा म्हणतो सिनेमाची वाट लावली) ते बहुतेक वेळा हे दोन वेगळे न केल्यामुळे भांडतात असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, नेहमीचा पिक्चर सेकंदाला २४ फ्रेम (म्हणजे २४ स्थिर चित्रं) असतो, एचएफआर म्हणजे हाय फ्रेम रेट, त्यात ४८, ६० किंवा १२० असतात. आपल्या मल्टिप्लेक्सला एचएफआर लिहिलेलं असेल तर ते ४८ असं धरून चाला. ३डी मध्ये हे प्रत्येक डोळ्याला ४८, म्हणजे प्रोजेक्टर सेकंदाला ९६ वेगवेगळ्या फ्रेम टाकत असतो.

आता मुख्य रिव्ह्यू. अवतारचा दुसरा भाग, द वे ऑफ वॉटर, डिसेंबर २०२२ मध्ये आला तेव्हा मी तो पुण्यात एका मल्टिप्लेक्सला एचएफआर ३डी मध्ये बघितला, तीन तास बारा मिनिटांचा पिक्चर, सोबत भाचा होता ज्याला ३डी मध्ये हमखास डोकं दुखतं आणि इंटरव्हलच्या आधीच चष्मा काढून मांडीवर ठेवायची सवय आहे. या वेळी त्याने शेवटपर्यंत चष्मा काढला नाही. मी त्याला आधी काहीच सांगितलं नव्हतं की हे काही वेगळं आहे वगैरे, त्यामुळे मला ते जास्त पटलं.

पाण्यातले शॉट बघा म्हणजे लगेच कळतं पैसे कुठे गेलेत ते. नायकाचा मुलगा लोआक त्या एकट्या पडलेल्या तुलकुनच्या (देवमाशासारखा प्राणी) जवळ जातो तो भाग घ्या. एवढं अवाढव्य जनावर अगदी जवळून हळू वळतंय, त्याच्या कातडीवरच्या खुणा, खरचटल्याचे वण, त्यावरून सरकणारी वरच्या उन्हाची जाळी, आणि मध्ये पाण्यात तरंगणारे बारीक बारीक कण, हे सगळं एकाच वेळी हलतंय आणि तरी प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी, आपापल्या खोलीवर दिसते. साध्या ३डी मध्ये असे बारीक कण हलायला लागले की त्यांची नुसती गिचमिड होते, डोळा कुठल्याच कणाला धरू शकत नाही आणि मग आपण नकळत बघायचं सोडून देतो. इथे मी मुद्दाम एखादा कण धरून तो पडद्याच्या कडेला जाईपर्यंत बघत होते आणि तो सलग गेला, तुटला नाही. कॅमेरा अर्धा पाण्यात अर्धा वर असतो ना, तेव्हा पाण्याची जी रेघ लेन्सवर हिंदकळते ती तर बघतच राहावी अशी आहे.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. समजा पडदा ५० फूट रुंद आहे आणि एखादी वस्तू दोन सेकंदात या कडेपासून त्या कडेला गेली, तर २४ च्या हिशोबाने ती ४८ फ्रेममध्ये गेली, म्हणजे प्रत्येक फ्रेमला जवळजवळ एक फुटाची उडी. आपला डोळा मात्र उड्या मारत नाही, तो वस्तूमागे सलग फिरत असतो. वर प्रोजेक्टर फ्लिकर दिसू नये म्हणून तीच फ्रेम दोनदा-तीनदा चमकवतो (फिल्मच्या प्रोजेक्टरला त्यासाठी दोन किंवा तीन पात्यांचं शटर असायचं, डिजिटल ३डी मध्ये तीन फ्लॅशची पद्धत आहे), मग काय होतं की डोळा पुढे सरकलेला असतो पण चित्र त्याच जागी परत चमकतं, आणि कडा दुहेरी तिहेरी दिसतात. २डी मध्ये हे आपण चालवून घेतो, कॅमेरामनही पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) सावकाश करून ते लपवतात. ३डी मध्ये मात्र मेंदूला डाव्या डोळ्यातली कड उजव्या डोळ्यातल्या त्याच कडेशी जुळवायची असते, आणि दोन्हीकडे कडाच दोन-दोन तीन-तीन असतील तर तो जुळवणार काय? त्यात एकच प्रोजेक्टर असेल तर तो डावं-उजवं चित्र आळीपाळीने टाकतो, म्हणजे उजव्या डोळ्याला दिसणारं चित्र जरा उशिरा येतं, आणि वस्तू वेगात असली की तेवढ्या उशिरामुळे तिची खोलीसुद्धा चुकीची वाटते. डोकं दुखतं ते याच्यानेही. फ्रेम डबल केल्या की उडी निम्मी होते, उशीर कमी होतो, जुळवाजुळव सोपी जाते. भाच्याचं डोकं यामुळेच वाचलं असं मी धरून चालले आहे.

आणि २४ हा आकडा काही देवाने दिलेला नाही हेपण लक्षात घ्या, कारण एचएफआरच्या विरोधात बोलणारे २४ बद्दल फार भक्तिभावाने बोलतात. मूकपटाच्या काळात ठरलेला असा वेग नव्हताच. दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हाताने फिरवायचा होता, १९१३ चा राजा हरिश्चंद्र असाच शूट झाला, आणि त्या काळात साधारण १६ च्या आसपास फ्रेम जायच्या, हात जसा फिरेल तसं कमी जास्त. बोलपट आले तेव्हा आवाज फिल्मवरच छापायचा म्हटल्यावर वेग कायम एकच लागायला लागला, नाहीतर आवाज ताणला गेला असता, आणि १९२० च्या दशकाच्या शेवटी २४ ठरलं, म्हणजे ३५ एमएमची मिनिटाला ९० फूट फिल्म. आवाज नीट यायला पुरेसं आणि फिल्मचा खर्च आवाक्यात, असा तो व्यवहार होता. पण शंभर वर्षं तेच बघून बघून ते आपल्या डोळ्यात बसलंय, आणि हे बसणं खरं आहे, त्याला नुसती सवय म्हणून उडवून लावता येणार नाही. माझ्यासाठीसुद्धा सिनेमा म्हणजे ती किंचित स्वप्नातली, थोडी धूसर हालचाल.

म्हणून तर हॉबिट बघताना एवढं खटकलं होतं. डिसेंबर २०१२, पीटर जॅक्सनचा, ४८ फ्रेमवर रिलीज झालेला पहिला मोठा पिक्चर. त्याचा दहा मिनिटांचा नमुना त्याच वर्षी एप्रिलमध्ये लास व्हेगासला थिएटरवाल्यांच्या सिनेमाकॉनमध्ये दाखवला तेव्हाच कुरबूर सुरू झाली होती. मी तो पिक्चर एचएफआर मध्येच बघितला आणि सुरुवातीला तर वाटलं की कोणीतरी फास्ट फॉरवर्डचं बटण दाबून ठेवलंय, माणसं चालतायत ती घाईत चालल्यासारखी. थोड्या वेळाने डोळा सरावतो आणि वेग नॉर्मल वाटायला लागतो, पण दुसरी गोष्ट शेवटपर्यंत जात नाही, ती म्हणजे सगळं खोटं खोटं दिसणं. गोष्टीचा नायक बिल्बो, त्याच्या घरी ते सगळे बुटके जेवायला येतात आणि ताटं फेकतात तो प्रसंग आठवतोय ना, तिथे मला बिल्बोचं घर दिसायच्या ऐवजी सेट दिसत होता, कुठल्या कोपऱ्यातून लाइट मारलाय ते दिसत होतं, नाकं चिकटवलेली आणि दाढ्या लावलेल्या आहेत हे दिसत होतं. गंमत म्हणजे फेकलेली ताटं मात्र अप्रतिम दिसत होती, प्रत्येक ताट हवेत फिरताना नीट कळत होतं. एकाच शॉटमध्ये वस्तू भारी आणि माणसं खोटी.

कॅमेऱ्याच्या शटरचाही (प्रत्येक फ्रेमवर किती वेळ उजेड पडू द्यायचा ते ठरवणारा भाग) यात हात आहे. २४ वर नेहमीचं १८० डिग्री शटर असलं की प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या १/४८ भागाएवढी उघडी राहते आणि हालचालीला तो ओळखीचा ब्लर येतो. जॅक्सनने ४८ वर २७० डिग्री शटर ठेवलं, म्हणजे १/६४, कारण त्याच शूटमधून २४ ची कॉपीही काढायची होती. तो मधला मार्ग होता आणि समंजस होता, तरी सिनेमाचा ब्लर गेला तो गेलाच.

आपल्याकडे हे जास्त टोचतं का, तर माझ्या मते हो. दूरदर्शनपासून आपला टीव्ही सेकंदाला ५० फील्डचा (फील्ड म्हणजे एक आड एक ओळींचं अर्धं चित्र), म्हणजे क्रिकेटची मॅच, बातम्या आणि वर्षानुवर्षं व्हिडिओवर शूट झालेल्या सिरियल यांची हालचाल सुळसुळीत, आणि पिक्चरची तेवढी वेगळी. तांत्रिक काही माहीत नसलं तरी घरातला कोणीही माणूस चॅनल बदलता बदलता एका सेकंदात सांगतो की हा पिक्चर आहे आणि ही सिरियल आहे. म्हणून ४८ मध्ये दोन माणसं समोरासमोर बसून बोलायला लागली की आपला मेंदू त्याला सिरियलच्या खणात टाकतो. मॅचला मात्र कुणी कधी म्हणालंय का की बॉल फार स्मूद दिसतो, जरा अडखळत दाखवा? कारण मॅचमध्ये आपल्याला तिथे असल्यासारखं वाटायला हवं असतं, आणि गोष्ट ऐकताना तिथे असण्यापेक्षा गोष्टीत असायला हवं असतं, या दोन वेगळ्या गरजा आहेत.

अवतारचा दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन, त्याने हे बरोबर ओळखलंय असं मला वाटतं. त्याने अख्खा पिक्चर ४८ ला ठेवला नाही. पाण्यातले, उडण्याचे शॉट ४८, आणि उभं राहून बोलायचे बरेचसे २४. प्रोजेक्टर पूर्ण वेळ ४८ वरच चालतो, २४ च्या शॉटला तीच फ्रेम दोनदा जाते एवढंच. कल्पना नवी नाही बरं का, डग्लस ट्रंबुलने (२००१ अ स्पेस ओडिसीच्या स्पेशल इफेक्ट्सवर काम केलेला माणूस) शोस्कॅन नावाचं तंत्र काढलं होतं, ७० एमएम फिल्म सेकंदाला ६० फ्रेम, आणि १९८३ च्या ब्रेनस्टॉर्ममध्ये त्याला नेमकं हेच करायचं होतं, साधी गोष्ट साध्या वेगात आणि दुसऱ्याच्या डोक्यात शिरून अनुभव घ्यायचे भाग शोस्कॅनमध्ये. थिएटरवाले नवी मशिनरी घ्यायला तयार नव्हते म्हणून ते राहिलं. कॅमेरॉनच्या वेळेला डिजिटल प्रोजेक्टर आधीच जागेवर होते म्हणून जमलं. मला ट्रंबुलबद्दल फार हळहळ वाटते, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला, अवतारचा दुसरा भाग यायच्या दहा महिने आधी.

पण अवतारमध्ये मला जे आवडलं नाही तेही सांगते. कट झाल्यावर ४८ वरून २४ वर येतो तेव्हा क्षणभर पिक्चर लॅग झाल्यासारखं वाटतं. उलटं, २४ वरून ४८ वर जाताना तेवढं जाणवत नाही, छान मोकळं वाटतं. पण खाली येताना खटकतं, आणि मारामारीच्या भागात जिथे ते पटापट इकडून तिकडे जातात तिथे तर मला दोनदा-तीनदा वाटून गेलं की थिएटरच्या मशिनमध्ये बिघाड झाला की काय. माझं म्हणणं असं की प्रसंग बदलला की बदला, एकाच प्रसंगाच्या पोटात नको. पाण्याखालचा अख्खा भाग ४८, मग किनाऱ्यावर कुटुंब बसलं की अख्खं २४, मला काही त्रास नाही. काही लोकांना हा बदल अजिबात दिसत नाही, भाच्याला दिसला नाही, शेजारच्या काकांनाही दिसला नसावा, पण एकदा दिसायला लागला की मग न दिसणं अवघड आहे, म्हणून पिक्चरच्या आधी याबद्दल फार वाचू नका असंच मी सांगेन.

दिग्दर्शक अँग लीने तर १२० पर्यंत मजल मारली होती. २०१६ चा बिली लिन, ४के, ३डी, प्रत्येक डोळ्याला १२०, आणि तो तसाच्या तसा दाखवू शकणारी थिएटरं सगळ्या जगात पाच, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, बीजिंग, शांघाय आणि तैपेई. मग २०१९ ला विल स्मिथचा जेमिनी मॅन. मी हा मित्राकडे ४के डिस्कवर बघितला, ती ६० फ्रेमची आहे, २डी. कार्ताहेनाच्या गल्ल्यांमधला मोटरसायकलचा पाठलाग अंगावर येतो, खरंच, खुर्चीचे हात धरून बघितला. आणि त्यानंतर दोन माणसं टेबलाशी बसून बोलायला लागली की तालमीचं रेकॉर्डिंग बघतोय असं वाटतं, नटांचं काम वाईट आहे म्हणून नाही, तर वीस फुटांवरून झाकलं जाणारं सगळं तिथे उघडं पडतं म्हणून. म्हणूनच २डी साठी मी एचएफआरच्या बाजूने नाही. ३डी मध्ये निदान बदल्यात काहीतरी मोठं मिळतं.

खर्चाचंही बोललं पाहिजे कारण लोकांना वाटतं कॅमेऱ्यात एक आकडा बदलला की झालं. माझा एक मित्र मुंबईत व्हीएफएक्स मध्ये रोटोचं काम करतो, म्हणजे फ्रेममागून फ्रेम माणसाची बाह्यरेषा कापत बसायचं. २४ च्या पाच सेकंदाच्या शॉटला १२० फ्रेम, ४८ ला २४०, आणि ३डी म्हणजे दोन्ही डोळ्यांचं वेगळं. ब्लर कमी म्हणजे आधी जी कड धुरकट असल्याने खपून जायची ती आता चोख कापावी लागते. असे पिक्चर वर्षाला ढीगभर का येत नाहीत याचं अर्ध उत्तर यातच आहे.

आता थिएटरच्या अनुभवाकडे, कारण शेवटी पैसे आपण तिथे देतो. सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे उजेड. २डी साठी पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) हे ठरलेलं माप आहे, ३डी मध्ये चष्म्यातून डोळ्यापर्यंत त्याचा तिसरा हिस्सा पोचला तरी पुष्कळ म्हणायचं, आणि एचएफआरने यात काहीही फरक पडत नाही. लॅम्प जुना असेल तर पाण्यातला सगळा निळा रंग मातकट होतो. मी ज्या मल्टिप्लेक्सला पहिल्यांदा गेले तिथे हेच झालं, वर तिकिटावर नुसतं ३डी लिहिलेलं, आत एचएफआर आहे की नाही हे काउंटरवरच्या मुलालाही सांगता येईना, मॅनेजरला बोलावलं तर तो म्हणाला मॅडम सगळे ३डी सारखेच असतात. सारखे नसतात दादा! लोक मुद्दाम दुसऱ्या टोकाहून गाडी काढून येतात, दोनशे रुपये जास्त देतात, चष्म्याचे वेगळे देतात, त्यांना निदान एवढं खरं सांगायला नको का. नंतर दुसरीकडे लेझर प्रोजेक्टरवर परत बघितला तेव्हा तोच पिक्चर धुतल्यासारखा स्वच्छ. तेव्हा निवड करताना आधी लेझर आहे का बघा, मग एचएफआर, आणि दोन्ही एकत्र मिळत असेल तर बिनधास्त पैसे टाका.

सीटचं म्हणाल तर एचएफआर मध्ये मी नेहमीपेक्षा दोन-तीन रांगा पुढे बसते. साध्या ३डी मध्ये पुढे बसणं म्हणजे शिक्षा, कारण पडदा जेवढा मोठा दिसतो तेवढी ती उडी मोठी दिसते, पण ४८ ला ते सुसह्य होतं आणि पाणी चारही बाजूंनी येतं. मध्यावरच बसा, कडेची सीट असेल तर घेऊ नका.

आणि घरच्या टीव्हीवर जे सगळं सुळसुळीत दिसतं त्याची एचएफआरशी गल्लत करू नका. तिथे टीव्ही दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतःच्या मनाने बनवून घालतो, डायरेक्टरने ती कधी शूटच केलेली नसते. सॅमसंगला ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीला ट्रूमोशन, सोनीला मोशनफ्लो अशा नावांनी ते सेटिंगमध्ये असतं, पिक्चर बघताना बंद करा, नाहीतर फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. टॉम क्रूझने डिसेंबर २०१८ मध्ये खास व्हिडिओ करून हेच सांगितलं होतं. मॅचला हवं तर चालू ठेवा.

एचएफआरच्या तिकिटाच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा मात्र हा की एचएफआर ३डी घरी जवळजवळ मिळतच नाही. हॉबिटची ४८ ची डिस्क आलीच नाही, अवतारच्या दुसऱ्या भागाची डिस्क २४ चीच आहे, ॲपलच्या त्या महागड्या व्हिजन प्रो हेडसेटवर ४८ फ्रेम ३डी मध्ये बघता येतो पण तो किती जणांकडे असणार. ओटीटीवर येईल तेव्हा बघू म्हणून थांबलात तर गोष्ट तीच मिळेल, पण ते पाणी नाही मिळणार. एचएफआरचे शो पहिल्या दोन आठवड्यांत असतात, मग स्क्रीन दुसऱ्या पिक्चरला जाते आणि उरतो तो सकाळी साडेनऊचा साधा ३डी. तो नका घेऊ, त्यापेक्षा २डी चं तिकीट काढा.